जुनी फाइल ठेवावी का?

खमतराई, रायपूर
मंगळवार, १४ सप्टेंबर २००४

लोकेशदादा,

सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की सायरन वेळेवर वाजला आणि धूळकोठी झाडायला गेलेला मनराखन तरीही बाहेर आला नाही, गॅसने आतच गेला. ते चूक आहे. सायरन वाजला, एवढंच मला माहीत आहे. वेळेवर वाजला हे मी मॅनेजर शेखर साहेबांच्या तोंडून ऐकलं आणि स्वतः पाहिल्यासारखं लिहून टाकलं. ते वाक्य तू खोडून टाक.

काल मी अलार्मच्या कॉम्प्युटरवरची नोंद नीट वाचली. आधी मी तिच्यातून फक्त सायरनची वेळ उतरवून दिली होती, शेजारचा आकडा वाचलाच नव्हता. सायरन सुरू झाला तेव्हा धूळकोठीतला गॅस ९१२ होता. भट्टीमागच्या त्या कोठीच्या दारावर पाटी आहे, तूच लावायला लावली होतीस: '५० के ऊपर सायरन. सायरन बजे तो तुरंत बाहर.' या गॅसला वास नाही, रंग नाही. कोठी झाडायला आत जाणारी माणसं फक्त सायरनच्या भरवशावर जातात. मग पन्नासपासून नऊशेपर्यंत तो गप्प का होता?

कारखान्यात चौकशी झाली तेव्हा शेखर साहेब म्हणाले, "सायरन बजा, नहीं निकला. पी के सो गया होगा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच उभी होते, वेळेचा कागद हातात धरून.

आता अपग्रेडचं. क्रमाने लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते तुला दिसेल. मनराखन जायच्या आधी, २९ ऑगस्टच्या रविवारी भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, तेव्हा तू पाठवलेली सीडी लावली. आधी ॲप्ट-गेट अपडेट. मशीनने नव्या पॅकेजांची यादी वाचली. मग ॲप्ट-गेट अपग्रेड. काय काय बदलणार ते त्याने दाखवलं, पुढे जाऊ का विचारलं, मी यादी दोनदा वाचून हो म्हटलं. सगळी पॅकेजं सरळ बसली. तुमच्या कंपनीच्या गॅस-अलार्मवर येऊन मात्र ते थांबलं. त्याने विचारलं की सेटिंगच्या या फाइलमध्ये इथे कोणीतरी बदल केलेला आहे आणि पॅकेजसोबत नवी फाइल आली आहे, तर नवी बसवू की जुनी राहू देऊ? नवीसाठी वाय, जुनीसाठी एन. दोन्हींतला फरक पाहायचा असेल तर डी.

सीडीसोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'अलार्मवाल्यानं विचारलं तर एन दाबजो, बाकी पाहत बसू नको.' मी एन दाबलं. डी दाबलं नाही. जाणत्या माणसाने केलेली सेटिंग आपण उचकायची नाही, असं मला वाटलं.

दादा, माझ्या अपग्रेडने तो आकडा बदलला असेल का? तुझ्या फाइलमध्ये सायरनची मर्यादा किती होती, एवढं लिही. ऑफिसच्या मेलवर लिहू नको, ती मेल याच मशीनमधून जाते आणि रूटचा, म्हणजे सगळं उघडणारा पासवर्ड चौकीदार सोडून सगळ्यांना माहीत आहे. फोनही नको. फोनजवळ बाबा बसलेले असतात.

शेखर साहेबांनी माझ्या नावाचा कागद टाइप करून ठेवला आहे. 'अलार्म अपग्रेड किया गया था और सही काम कर रहा था.' कारखाना निरीक्षकांसमोर सुनावणी होईल तेव्हा सही करून द्यायची आहे. मी म्हटलं, वाचून देते. ते हसले.

तुझी,
दीक्षा


नागपूर
रविवार, १९ सप्टेंबर २००४

दीक्षे,

जयभीम. काहून एवढी घाबरून राहिली? लहानपणी तुझ्या हातून कपबशी फुटली की कोणी विचारायच्या आधी तूच बोंबलत यायची, 'मी फोडली, मी फोडली.' एकदा तर मी फोडलेली पण तू कबूल केली होती. तशीच राहिली.

एन दाबलं ना? मग झालं. एन म्हणजे जुनी फाइल जशीच्या तशी राहिली. अपग्रेडनं काही बिघडवलं नाही, तू काही बिघडवलं नाही. हे मी तुले शिकवलेलं आहे, विसरली काय?

मर्यादा किती होती ते मले आठवून नाही राहिलं. वीस कारखाने आहेत माझ्याकडे, कोणाकोणाचा आकडा डोक्यात ठेवू? गॅस एकदम चढला असेल. सेन्सर जुने झाले की उशिरा वाचतात. माणूस गेला, वाईट झालं. पण जो गेला तो तुझ्या यादी वाचण्यानं परत नाही येत.

शेखर साहेबाच्या कागदात खोटं काय आहे? अपग्रेड केलं होतं, हे खरं. अलार्म वाजला, हे पण खरं. सही कर आणि मोकळी हो. त्यानं तुले ठेवून घेतलं तेव्हा तुझ्याजवळ डिप्लोमाच्या कागदाशिवाय काय होतं, हे ध्यानात ठेव. तुझ्या घरात शिकलेली तू पहिली, आमच्या घरात मी. आपल्याले कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

दसऱ्याले सगळे या. आईनं आतापासून गाद्या उन्हात टाकल्या. दीक्षाभूमीवर जाऊ, मग घरी बसून निवांत बोलू. तोपर्यंत मशीनले हात लावू नको.

तुझा दादा,
लोकेश


खमतराई, रायपूर
शनिवार, २५ सप्टेंबर २००४

लोकेशदादा,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. हात लावू नको म्हणालास, पण ते यायच्या आधीच मी हात लावला होता. काय केलं ते खाली लिहिते.

त्याआधी मनराखनच्या गावाचं. बाबांना मी एवढंच सांगितलं होतं की कारखान्यात माणूस गेला. ते म्हणाले, "मंग त्याच्या घरी कोण गेलं?" कोणीच गेलं नव्हतं. वॅगन वर्कशॉपमध्ये असताना तिथलं कोणी वारलं की बाबा त्याच्या घरी जाऊन नुसते बसत. मग आम्ही दोघं अभनपूरच्या बसने गेलो. तिथून पुढे टेम्पो. भाताची शेतं संपली की तळं आहे, त्याच्या मागे त्यांचा पारा, म्हणजे वस्ती.

त्याची बायको फुलेश्वरी माझ्याच वयाची आहे. तीजेला, म्हणजे हरतालिकेला, तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. तो आला तेव्हा माहेरी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीजेचं लुगडं त्याने आणलं होतं, ते रंगीत होतं, म्हणून ते तसंच पिशवीत ठेवून खुंटीला टांगलं होतं.

तिने मला विचारलं, "तैं कारखाना वाली नोनी अस?" कारखान्यातली मुलगी तूच का?

मी म्हटलं, "हव."

"साहेब मन कहिथें दारू पिए रिहिस." साहेब लोक म्हणतात तो प्यायला होता. "मोर मनखे कंठी पहिरे रिहिस, नोनी. कबीरपंथी मन दारू ला हाथ नइ लगावँय."

माझ्या माणसाच्या गळ्यात कबीराची कंठी होती, कबीरपंथी दारूला हात लावत नाहीत. ती रडत नव्हती. म्हणाली, "भोंपू बाजतिस त वो निकल जातिस." भोंगा वाजला असता तर तो निघाला असता. मग आत जाऊन तिने आम्हाला पाणी आणून दिलं. बाबा ते सगळं प्यायले.

परत येताना बसमध्ये बाबा म्हणाले, "वाजला नाही काय मंग?" मी म्हटलं, वाजला. पुढे त्यांनी विचारलं नाही.

आता फाइलचं. मी काही बदललं नाही, फक्त वाचलं. फोल्डरमध्ये दोन फाइली शेजारी शेजारी आहेत. एक जुनी, चालू असलेली. दुसरी नवी, सीडीतून आलेली. मी एन दाबल्यामुळे मशीनने ती नावाला 'डिस्ट'ची शेपटी लावून बाजूला ठेवून दिली आहे. दोन्हींतला फरक काढला. एकाच ओळीचा निघाला. नवीत मर्यादा ५०. जुनीत ९००.

म्हणजे माझ्या अपग्रेडने आकडा बदलला नाही. ते वाचून पहिल्यांदा मला हायसं वाटलं, ते लपवत नाही. मग दुसरी गोष्ट कळली. मी वाय दाबलं असतं तर त्या रविवारपासून सायरन पन्नासवर वाजला असता. डी दाबलं असतं तर हा फरक तेव्हाच समोर आला असता. मशीन विचारत होतं.

सेन्सर उशिरा वाचतात असं तू लिहिलंस. तसं नाही झालं. मनराखन आत शिरला तेव्हाच आकडा ऐंशीवर होता, आणि तिथून हळूहळू चढत गेला. सेन्सरने सगळं वाचलं. दर पाळीला फोरमन टेस्टचं बटण दाबून सायरन वाजवून पाहायचा, तो वाजायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही.

जुन्या फाइलमध्ये शेवटचा बदल १७ एप्रिलचा आहे. मी जूनमध्ये लागले. माझ्या आधीचा पराग भैया फेब्रुवारीतच भिलाईला गेला होता. मधल्या काळात मशीनला कोणी वाली नव्हता. शेखर साहेबांना साधी फ्लॉपी उघडता येत नाही, म्हणजे त्यांनी कोणाकडून तरी करून घेतलं असणार. तुझ्या ओळखीत असं कोण आहे? तुमच्या कंपनीत कोणाला विचारता येईल का? मला दुसरं कोणी नाही विचारायला.

आकडा मी अजून ९०० च ठेवला आहे. बदलला तर तारीख बदलेल आणि मग एप्रिलचं काही उरणार नाही. निरीक्षकांनी कोठीला कुलूप घातलं आहे, आत कोणी जात नाही. म्हणून मला हे करता आलं. नाहीतर कसं केलं असतं, माहीत नाही.

दीक्षा


नागपूर
बुधवार, २९ सप्टेंबर २००४

दीक्षा,

नीट ऐक. 'डिस्ट'वाली फाइल कचरा असते. अपग्रेडनंतर ती काढून टाकतात, सगळेच टाकतात. तू पण टाक. चालू फाइलमध्ये आकडा पन्नास कर आणि सर्व्हिस रीस्टार्ट कर. आज ना उद्या कुलूप निघेल, भट्टीची माणसं पुन्हा आत जातील. ते जगले पाहिजेत की तुझी तारीख? याचा विचार कर.

तारखेचं म्हणशील तर त्या मशीनची बॅटरी जुनी आहे. बॅटरी गेली की घड्याळ मागं जातं. १७ एप्रिल म्हणजे १७ एप्रिलच असं काही नाही.

कोणाले विचारून नको राहू. माझ्या कंपनीत तर नकोच नको. आणि दुसऱ्याच्या गावी जाऊन बसायचं तुले कोणी सांगितलं होतं? मामाले पण घेऊन गेली.

लोकेश


खमतराई, रायपूर
सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

लोकेशदादा,

मी काही पुसलं नाही. दोन्ही फाइली आणि नोंद फ्लॉपीवर काढून घेतली आहे.

बॅटरीचं खरं असेल म्हणून मी तेही पाहिलं. एप्रिलमधल्या बाकीच्या नोंदी कारखान्यातल्या कागदी रजिस्टराशी जुळतात. घड्याळ बरोबर चाललं होतं.

तुझं पत्र आल्यापासून मी एकच विचार करते आहे. ही फाइल कुठे असते, तिच्यातली कोणती ओळ कशाची, हे कारखान्यात कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे कारण तू शिकवलंस. पराग भैयाला माहीत होतं कारण तू त्यालाही शिकवलंस. तो गेला होता. मी आलेली नव्हते.

१७ एप्रिलला शनिवार होता. तू जयंतीला आमच्याकडे आला होतास आणि आठवडाभर राहिलास. शनिवारी म्हणालास, सिलतऱ्याला कारखान्यात जाऊन येतो, मशीन पाहून येतो. आईने तुला डबा दिला, वांग्याची भाजी होती, तू आणखी एक भाकर मागून घेतलीस. संध्याकाळी आलास तो पेढे घेऊन. बाबांना म्हणालास, "मामा, दीक्षाचं काम झालं समजा. साहेबाशी बोलून आलो." बाबांनी ते पेढे पाऱ्यात वाटले.

आकडा बदलला की वरच्या ओळीत लिहायचं, कोणी बदलला, का बदलला, हे तू मला पहिल्या दिवशी शिकवलंस. या फाइलमध्ये तुझ्या अशा पुष्कळ ओळी आहेत. पंखा, सेन्सर, पोर्ट, सगळ्यावर. ९०० च्या वर काहीच लिहिलेलं नाही.

मी चुकत असेन. चुकत असेन तर तू मला खूप बोल, मी ऐकून घेईन, आयुष्यभर ऐकून घेईन. फक्त एक शब्द लिही. तू केलंस का?

दीक्षा


खमतराई, रायपूर
शनिवार, ९ ऑक्टोबर २००४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. आज शेखर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, याआधी कधी मागवला नव्हता. म्हणाले, "आपके भैया का फोन आया था. बोले, बहन साइन कर देगी, थोड़ा घबराती है, बस." मग म्हणाले, "देखो बेटा, कोई गड़बड़ निकली भी, तो अपग्रेड किसने किया? मैडम ने. हम तो आपको बचा रहे हैं."

चहा मी पूर्ण प्यायले. मग कपबशी टेबलावर नीट ठेवून बाहेर आले.

सुनावणी बुधवारी, २० तारखेला आहे. दुसऱ्या दिवशी कोठी उघडणार आहेत.

मला लिहायला तुला वेळ नव्हता. त्यांना फोन करायला होता.

दीक्षा


नागपूर
सोमवार, ११ ऑक्टोबर २००४

दीक्षा,

हो.

चार पत्रं लिहून फाडली. आता जसं येईल तसं लिहितो.

एप्रिलमध्ये तो सायरन पाळीत दहादा वाजत होता. कोठीचा पंखा गेला होता, हवा खेचत नव्हता. सायरन वाजला की माणसं बाहेर, काम बंद, भट्टी थंड. शेखर साहेब म्हणाला, नवीन पंखा आठवड्यात येऊन राहिला, तोपर्यंत याचं तोंड बंद करा. मी म्हटलं बंद नाही करत, वर करून देतो. एका आठवड्यासाठी. ओळ लिहायले गेलो तर तो मागं उभा होता, म्हणाला, "लिखने की क्या ज़रूरत है, हफ्ते भर की बात है." मी नाही लिहिली. मी खुर्चीवर बसलेलाच होतो तेव्हा त्यानं विचारलं, "आपकी बहन डिप्लोमा कर रही थी ना?"

पेढे त्याच्याच गाडीतून उतरून घेतले होते.

पंखा आला नाही. मी एकदाही फोन करून विचारलं नाही. विसरलो होतो असं लिहिणार होतो, पण तू ते वाचून घेशील आणि तुले कळेल. नवीन पॅकेज बनवलं तेव्हा आठवलं. त्यात पन्नास होता. तू वाय दाबलं असतं तर सायरन पुन्हा दिवसभर वाजला असता, साहेब तुझ्यावर भडकला असता, तुले लागून तीन महिने पण झाले नव्हते. म्हणून चिठ्ठीत लिहिलं एन दाब, पाहू नको. तुझी नोकरी वाचवायले लिहिलं. मनराखन कोण, मले माहीतच नव्हतं. पाटीवर पन्नास लिहिलेलं आहे आणि माणसं ती पाटी वाचून आत जातात, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातच नाही आलं. आकडा फाइलमध्ये होता, पाटी दारावर होती.

आता तू काय करशील ते मले माहीत आहे. म्हणूनच साहेबाले फोन केला. वाटलं, त्याच्या धाकानं तरी सही करशील. लाज वाटते, पण केलं.

दीक्षा, मी जेलात गेलो तर आई जगणार नाही. छोटी अजून बालवाडीत आहे. आणि तू पण सुटणार नाहीस. अपग्रेड तू केलं, एन तू दाबलं, साहेबाचा वकील हेच म्हणेल. मी सांगितलं होतं याचा पुरावा ती चिठ्ठी, ती तू ठेवली असशील, तू सगळं ठेवते. ती दाखवली की मी गेलो. नाही दाखवली की तू गेली. आणि दोघांनी तोंड बंद ठेवलं तर कोणीच जात नाही. गेला तो एकटाच जातो. तो तर गेलेलाच आहे.

हे मी लिहिलं, हे खरंच मी लिहिलं. फाडत नाही. असाच पाठवतो.

लोकेश


खमतराई, रायपूर
शुक्रवार, १५ ऑक्टोबर २००४

लोकेशदादा,

जयभीम.

तू हो लिहिलंस, त्याबद्दल मी तुझे उपकार मानते. नाही लिहिलं असतंस तर मी कदाचित मानून घेतलं असतं, आणि मग पुढे कशावर विश्वास ठेवायचा ते मला कळलं नसतं.

'गेला तो एकटाच जातो' हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. दादा, तो एकटा जात नाही. त्याच्यासोबत 'दारू पिऊन झोपला' हेही जातं. फुलेश्वरीला ते गावात रोज ऐकावं लागतं. आणि गुरुवारी कोठी उघडली आणि आकडा पन्नास केला की शेखर साहेबांचा सायरन पुन्हा पाळीत दहादा वाजेल, कारण पंखा अजून आलेला नाही. मी पाहून आले. मग ते परत कोणाला तरी खुर्चीवर बसवतील. तुला नाही, मला. तुझ्याकडे बहीण होती. माझ्याकडे काय आहे ते शोधतील.

काल बाबांना सगळं सांगितलं. तुझी पत्रं वाचून दाखवली, कारण त्यांना वाचता येत नाही आणि मी माझ्या शब्दांत सांगितलं असतं तर कुठेतरी तुला झाकलं असतं, किंवा मला. ते खाटेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ते पेढे मी शेजारच्या नरहरच्या घरी पण दिले होते." आई म्हणाली, "लोकेशले जेलात धाडशील काय? माझ्या नणंदेचं एकच पोट्टं आहे." बाबा तिला म्हणाले, "तिले काही सांगू नको. मी पण नाही सांगत. ज्याले समजते त्यानंच सांगावं."

आई माझ्याशी बोलत नाही. दसऱ्याची तिकिटं काढलेली आहेत. ती म्हणते दोघं जाऊ, नणंदेच्या पायावर डोकं ठेवीन. बाबा जातील असं वाटत नाही. मी येणार नाही. आत्याला तूच सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नको.

मी काय सांगणार आहे ते तुला आधीच लिहून ठेवते, म्हणजे तुझ्या पाठीमागे काही केलं असं होणार नाही. अपग्रेड मी केलं. मशीनने फरक पाहायचा का विचारलं, मी पाहिला नाही. एन मी दाबलं, चिठ्ठीत तसं लिहिलं होतं म्हणून, आणि ती चिठ्ठी मी दाखवेन. आकडा तू बदललास, शेखर साहेबांच्या सांगण्यावरून, पंखा नव्हता म्हणून. त्याच दिवशी माझ्या नोकरीची बोलणी झाली, हेही सांगेन. ते सोडून बाकीचं सांगितलं तर ते पूर्ण होणार नाही. तू एका आठवड्यासाठी म्हटलं होतंस, हेही सांगेन. ते मला खरं वाटतं. तू मला वाचवायला एन लिहिलंस, हे मात्र मी सांगणार नाही. ते खरं आहे की नाही हे मला ठरवता येत नाही, आणि जे ठरवता येत नाही ते मी तिथे बोलणार नाही.

मला भीती वाटते. नोकरी जाईल ते नक्की आहे. त्यापुढे काय काय जाईल ते वकील ठरवतील. मी रोज सकाळी उठून कागदावर तेच लिहून पाहते आणि रोज ते थोडं वेगळं उतरतं, म्हणून आता लिहिणं बंद केलं आहे. फ्लॉपी बाबांच्या रेल्वेच्या डब्यात ठेवली आहे, भाकरीच्या डब्यात, कारण तिथे कोणी शोधणार नाही आणि ओल लागत नाही.

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीत बसलास तर तू पोचशील. तू स्वतः बोललास तर मी तुझ्यानंतर बोलेन, आणि फक्त माझं बोलेन. घरी यायचं असेल तर ये, दार उघडं आहे. आईने तुझं अंथरूण काढून ठेवलं आहे, तिला अजून वाटतं तू येऊन सगळं मिटवशील.

तू आला नाहीस, तरी मी थांबणार नाही. बुधवारी, २० ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता माझं नाव पुकारतील, तेव्हा मी आत जाईन.

दीक्षा